पंखा काढल्यावर

लिफ्टवाल्यांच्या बायकोने उभी हयात कापडाच्या दुकानात काउंटरमागे काढली होती. निळं मागायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात हिरवं मारायचं आणि वर त्यालाच "बरं झालं सांगितलंत" म्हणायला लावायचं, ही तिची करामत. घरीही तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की लिफ्टवाले मान डोलवत बसायचे आणि मधूनच "हं" म्हणायचे. एका सकाळी झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि तो पट्टा थांबला.

तिला सगळं कळतंय, असं लिफ्टवाले छातीवर हात ठेवून सांगायचे. डॉक्टर म्हणायचे, काही कळत असेल, काही नसेल, आताच सांगता येत नाही. अक्षरं मात्र नक्की गेली होती. पुढ्यात वर्तमानपत्र धरलं की ती मुंग्यांची रांग बघावी तशी त्याच्याकडे बघायची आणि डाव्या हाताने बाजूला सारायची.

लेक दुसऱ्या गावी राहायची. चाळिशीला आली, दोन मुलांची आई झाली, तरी घरात ती ठकीच. झटका आला तेव्हा ती आली, आठ दिवस राहिली आणि निघताना बापाला म्हणाली, "बाबा, आईला मी घेऊन जाते. तिला काय हवंय ते कळत नाही, तुम्ही नुसते धावताय. तुमची कंबर बघा."

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय? आणि तिला हे घर ठाऊक आहे."

"तिला काय ठाऊक आहे, ते तिला सांगता येतंय का?"

ठकीचं घर दोन खोल्यांचं. आईची खाट टाकली की बापाला जागा उरणार नाही, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. म्हणजे बायको गेली तर एकटीच जाणार. शेवटी असं ठरलं की उन्हाळा संपला की ठकी पुन्हा येईल. तोवर आईला आपलं हवं-नको स्वतः सांगता आलं तर ती इथे राहील. नाही आलं तर ठकी तिला घेऊन जाईल आणि बाबांनी मध्ये अवाक्षर काढायचं नाही.

लिफ्टवाल्यांनी कबूल केलं आणि दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नवशिक्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा तिथे जाऊन नाव घातलं.

वर्गात सगळ्यात म्हातारे तेच. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या ठकीपेक्षा लहान, पण वर्गात हुकूम त्यांचा. प्रत्येकाने एक छोटा प्रोग्राम करायचा होता. कोणी कुंड्यांमधल्या झाडांची नोंद ठेवणार होतं, कोणी क्लबच्या सभासदांची. लिफ्टवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला बटणं पाहिजेत. दाबलं की बोललं पाहिजे."

बाईंनी शिकवलं. पडद्यावर बटणं मांडायची. मागे एक तक्ता, त्यात एकेक रेकॉर्ड. एका रेकॉर्डमध्ये एक वाक्य आणि त्या वाक्याचा आवाज. बटण दाबलं की त्याला जोडलेलं रेकॉर्ड उघडायचं आणि आवाज वाजायचा. लिफ्टवाल्यांना हे ऐकून माहेरी आल्यासारखं वाटलं. बटण, तार, मजला. यात नवीन ते काय? साऱ्या जन्मात लिफ्टा बसवण्या-दुरुस्त करण्याखेरीज त्यांनी दुसरं केलंच नव्हतं.

"काका," बाई म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. प्रत्येक रेकॉर्डला तयार होतानाच स्वतःचा एक नंबर मिळतो. तो त्याचाच, कायमचा. बटण त्या नंबराला जोडायचं. वरून कितवी ओळ ते मोजून जोडू नका. ओळी हलतात."

लिफ्टवाल्यांनी मान डोलावली. बायकोपुढे डोलवायचे तशीच डोलावली, म्हणजे ऐकलं एका कानाने. मनात म्हणाले, मजले कधी हलतात का? वरून चौथं बटण, वरून चौथी ओळ. मोजलं आणि जोडलं.

आवाज कोणाचा द्यायचा, इथे घोडं अडलं. शेजारच्या बाईंना विचारलं तर त्या माइक पाहूनच लाजल्या. मग लिफ्टवाल्यांनी आपल्याच घोगऱ्या आवाजात डझनभर वाक्यं भरली, पण भरली ती बायकोच्या तोंडची. "अहो, पाणी द्या." "अहो, चहा द्या." "अहो, दिवा लावा." "अहो, पंखा लावा." पुढे खिडकी, मग उशी, मग पाय चोळायचे, कूस बदलायची. आपणच आपल्याला अहो म्हणायचं आणि आपणच धावायचं, असा तो कारभार होता. बोट लावलं की चालणारा एक जुना पडदा त्यांनी मिळवला आणि खाटेशी, तिच्या डाव्या हाताला, स्टुलावर मांडला.

पहिल्यांदा तिने बोट लावलं आणि "अहो, चहा द्या" असा नवऱ्याचा आवाज आला, तेव्हा ती दचकली. मग पुन्हा लावलं. मग हसली, अर्ध्याच तोंडाने, पण पोटातून. लिफ्टवाले स्वयंपाकघरात गेले आणि आधण ठेवता ठेवता रडले. त्या दिवशी तिने सहा वेळा चहा मागितला आणि त्यांनी सहाही वेळा दिला.

त्यानंतर घर मार्गी लागलं. लिफ्टवाले आत भाजी चिरत असायचे, बाहेरून आवाज यायचा, ते जे ऐकू येईल ते करायचे. पडद्याकडे बघायची गरजच पडत नव्हती.

हवा गार व्हायला लागली तेव्हा त्यांनी तक्त्यातून "पंखा लावा" हे रेकॉर्ड काढून टाकलं. कामाचं नाही ते कशाला ठेवा, हा त्यांचा जुना स्वभाव. इमारतीतला एखादा मजला गोदामासाठी बंद केला की त्याची तार सोडवायची. बटण जागेवर राहतं, दाबलं तर काही होत नाही, बाकीचे मजले चालू. इथेही तसंच होईल, असं ते धरून चालले. पहिलं बटण दाबून पाहिलं, पाणी म्हणालं. एवढ्यात गॅसवर दूध उतू जायला लागलं आणि ते आत पळाले. एरवी एकेक मजला तपासल्याशिवाय लिफ्ट चालू न करणारा माणूस, पण दुधापुढे इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळभर बायको एकामागून एक बटणं दाबत बसली. पाणी. चहा. दिवा. खिडकी. उशी. पुन्हा पाणी. लिफ्टवाले दोनदा पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले आणि दोनदा परत गेले. "खेळ चाललाय होय?" म्हणून थोडे करवादलेही. दुपारनंतर ते थांबलं आणि सगळं पूर्वीसारखं झालं.

ठरल्याप्रमाणे ठकी आली. लिफ्टवाल्यांनी घर लखलखीत केलं होतं, दाढी केली होती. ठकीला त्यांनी आईच्या खाटेशी बसवलं, म्हणाले, "तू बघच आता," आणि मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला, "अहो, पाय चोळा." लिफ्टवाले आले, पाय चोळले. बायकोने समाधानाने डोळे मिटले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीच्या चेहऱ्यावर भलतंच काही होतं.

"बाबा, आईने उशी दाबलं."

"काहीतरीच. आवाज पायांचा आला."

"आवाज पायांचा आला, पण बोट उशीवर होतं. बटणावर लिहिलंय, उशी नीट करा." ती उठली आणि एकेक बटण दाबून पाहिलं. पंखा म्हणजे खिडकी. खिडकी म्हणजे उशी. उशी म्हणजे पाय. शेवटचं बटण मुकं. "एक तर तुमचं हे यंत्र खुळं आहे, नाहीतर आई हाताला येईल ते दाबतेय आणि पदरात पडेल ते पवित्र मानतेय. यात तिला कळतंय, हे कुठे दिसलं?"

लिफ्टवाल्यांनी मागचा तक्ता उघडून पाहिला. चौथी ओळ काढली तेव्हा पाचवी वर सरकून चौथी झाली होती, सहावी पाचवी, आणि तशीच पुढची सगळी बिऱ्हाडं एकेक मजला सरकली होती. बटणं मात्र आपल्या जागी, जुनी नावं मिरवत उभी. बाईंनी बजावून सांगितलेलं त्यांना शब्दनशब्द आठवलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

"तासभर दे मला," ते म्हणाले. चष्मा लावला आणि खाली मान घालून बसले. प्रत्येक बटणाची जुनी जोडणी सोडवली आणि त्याला त्याच्या रेकॉर्डचा स्वतःचा नंबर दिला. आता उशी म्हणजे उशी, पाय म्हणजे पाय. पंखा मुका. या खेपेला त्यांनी सगळी बटणं वरपासून खालपर्यंत तपासली. जुनी प्रत तेवढी बाजूला ठेवून दिली, कारण काढलेला पार्ट ते लगेच फेकत नसत.

"ये," त्यांनी ठकीला हाक मारली. "आता बघ."

बायकोने नेहमीच्या जागी बोट लावलं. "अहो, उशी नीट करा," पडदा म्हणाला. ठकीने उशी नीट केली. बायकोने ती उशी डाव्या हाताने ओढून जमिनीवर टाकली. पुन्हा तिथेच बोट लावलं, पुन्हा उशी. दुसरीकडे लावलं, खिडकी. तिच्या घशातून एक आवाज निघाला, हाक मारता न येणाऱ्या माणसाचा, आणि तिने पडद्यावर थाप मारली. स्टूल हललं. ठकीने पडदा सावरला.

"बाबा, पुरे आता." ठकीचा आवाज मऊ होता आणि त्याचंच लिफ्टवाल्यांना जास्त लागलं. "तुम्ही खूप केलंत. पण तिला नाही कळत. उद्या सकाळच्या गाडीने मी घेऊन जाते."

लिफ्टवाल्यांनी जमिनीवरची उशी उचलून खाटेवर ठेवली. बोलायचं नाही, हे कबूल केलं होतं. ठकी आतल्या खोलीत बॅग काढायला गेली.

खाटेवर बायकोने हात उचलला आणि पहिल्या बटणावर ठेवला. पाणी. मान किंचित कलती करून तिने ते ऐकलं. दुसरं. चहा. तिसरं. दिवा. चौथं काहीच बोललं नाही. ती थांबली, पुन्हा दाबलं, पुन्हा थांबली. मग पाचवं. खिडकी. सहाव्यावर उशी आली तेव्हा तिने डोळे मिटले आणि बोट तिथेच राहू दिलं, गिऱ्हाइकाने मागितलेला कापडाचा तागा कुठल्या फळीवर आहे हे मनात पक्कं करताना ठेवायची, तसं.

लिफ्टवाल्यांना ती मागची सकाळ आठवली. पंखा काढला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. खेळत नव्हती ती. त्यांनी तिचे सगळे शब्द उचलून भलत्याच जागी ठेवले होते, आणि तिने न रागावता, न रडता, एकेक करून ते पुन्हा शोधून काढले होते. वर तेच तिच्यावर करवादले होते.

"ठके," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. ती पाठ करतेय."

ठकी दारात आली. लिफ्टवाल्यांनी तिला सांगायला सुरुवात केली, पण शब्द अडखळायला लागले, म्हणून त्यांनी करून दाखवलं. जुनी प्रत परत आणली, ती पंखा काढलेली, चुकलेली. मग बटणांवरची नावं पुसली. सगळी. पडद्यावर नुसते करडे चौकोन उरले.

"तिला अक्षर दिसतच नाही गं. मी नावं लिहिली ती आपल्यासाठी. ती कानाने चालते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं केलं मी. आता विचार तिला. तुला हवं ते विचार."

ठकी खाटेशी बसली. "आई, खिडकी उघडून हवी असली तर?"

बायकोने चौथा चौकोन दाबला. "अहो, खिडकी उघडा."

"उशी?" पाचवा. "पाय?" सहावा. ठकीने उलटसुलट विचारलं, मधलंच विचारलं, एकदा विचारलेलं पुन्हा विचारलं. बोट एकदाही चुकलं नाही. शेवटी बायकोला या परीक्षेचा कंटाळा आला. तिने लेकीकडे एक कटाक्ष टाकला आणि लागोपाठ तीनदा चहा दाबलं. ठकी हसायला लागली आणि हसता हसता आईच्या कुशीत डोकं घालून रडली. लिफ्टवाल्यांनी चहा ठेवला. अनेक महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मग? ठरल्याप्रमाणे राहू दे इथे."

ठकी कप हातात फिरवत होती. "बाबा, तिला एवढं सगळं कळतंय. मग तिला विचारायला नको?"

"काय विचारायचं?"

"कुठे राहायचंय ते."

लिफ्टवाल्यांना हे सुचलंच नव्हतं. डझनभर वाक्यं भरली होती, त्यात तहान होती, थंडी होती, दुखणारे पाय होते. यातलं काही नव्हतं. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार? ते पुन्हा चष्मा लावून बसले. दोन नवी रेकॉर्डं तयार केली. "मला इथेच राहायचंय," हे त्यांनी भरलं. मग "मला ठकीकडे जायचंय," हेही भरलं, घसा खाकरून, नीट, स्पष्ट. तिथे त्यांनी लबाडी केली नाही. दोन्ही बटणं आपापल्या नंबराला जोडली.

लबाडी केली ती जागेची. सगळ्या बटणांच्या खाली पडद्याची दोन्ही टोकं रिकामी होती. राहायचं बटण त्यांनी डाव्या टोकाला ठेवलं, अगदी तिच्या हाताखाली. जायचं उजव्या टोकाला ठेवलं, जिथे तिचा हात सहसा पोचत नसे. कुठेतरी ठेवायलाच हवं ना, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ठकीच्या हे ध्यानात आलं नाही.

दोन्ही वाक्यं त्यांनी बायकोला दोन-दोनदा ऐकवली, जागा दाखवल्या. मग ठकीने विचारलं, "आई, तुला कुठे राहायचंय?"

बायकोने पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. तिचा डावा हात चादरीवरून उठला. डाव्या टोकाजवळ आला आणि पुढे गेला. अर्ध्या पडद्यापर्यंतच तो पुरला. तिने खांदा उशीवरून उचलला, दात आवळले, मान ताणली. लुळं अंग तिला मागे ओढत होतं. ठकी आधार द्यायला पुढे झाली, तर तिने मानेनेच नको म्हटलं. बोट उजव्या टोकाला टेकलं.

"मला ठकीकडे जायचंय," लिफ्टवाल्यांच्या आवाजात पडदा म्हणाला.

ती मागे उशीवर पडली. धाप लागली होती. ठकी जिंकली होती, पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं आणि तिलाच त्याची दया आली.

"बाबा, चुकून लागलं असेल. बटणं इकडची तिकडे करून पुन्हा विचारूया."

लिफ्टवाल्यांना हो म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. "चुकून इतक्या लांब कोणाचा हात जात नाही," ते म्हणाले.

त्यांना वाईट वाटलं. थोडंथोडकं नाही, रागच आला. इतके महिने उठबस केली, कंबर मोडली, म्हातारपणी पाटी घेऊन शाळेत बसले, आणि हिने पहिलं स्वतःचं म्हणून जे वाक्य उच्चारलं ते हे. "का गं?" त्यांनी विचारलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. का, याचं बटण नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर तिने खाली घातली नाही. मग त्यांना आपोआप दिसायला लागलं. दिवसभर दहा माणसांशी बोलणारी बाई, आणि इतके दिवस तिच्यासमोर एकच चेहरा, एकच आवाज, तोही तिच्याच तोंडी घातलेला. ठकीकडे मुलं होती, भांडणं होती, दाराची बेल होती. हेच कारण असेल असंही नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं कधी, म्हणून ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते उठले आणि कामाला लागले. तिकडे गेल्यावर अहो म्हणून कोणाला हाक मारणार? एकेक रेकॉर्ड उघडून त्यांनी पुन्हा आवाज भरला. "ठके, पाणी दे." "ठके, चहा दे." वाक्यं बदलली, जागा एकही हलवली नाही.

डाव्या टोकाचं राहायचं बटण उरलं. "ते आता काढून टाका," ठकी म्हणाली.

"काढायचं नाही काही," लिफ्टवाले म्हणाले. त्यांनी तेही रेकॉर्ड उघडलं, क्षणभर थांबले आणि त्यात भरलं, "मला घरी जायचंय."

"आणि आईने दाबलं तर?"

"मला फोन कर. मिळेल त्या गाडीने येतो न्यायला."

मग ते बायकोजवळ बसले, तिला ती जागा दाखवली आणि बटण दाबलं. मला घरी जायचंय. बरोबर वाजलं. पुन्हा दाबलं. पुन्हा वाजलं. तपासून बघतोय, असं ते ठकीला म्हणाले आणि तिसऱ्यांदा बोट नेलं.

बायकोने त्यांचा हात मनगटाशी धरला, बटणावरून उचलला आणि आपल्या पोटावर ठेवून घेतला. ते बटण तिने दाबायचं होतं.